२^६४ − १ ची पूर्ण तपासणी: वीस अंकी संख्या कागद-पेनाने कशी उलगडायची

१८४४६७४४०७३७०९५५१६१५ ही संख्या समोर ठेवा, पण लगेच ३ ने ७ ने ११ ने भागत सुटू नका. आधी ती बनलीये कशी ते बघायचं. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४ असं दुप्पट दुप्पट करत ६४ घरं भरली की एकूण दाणे एवढे होतात, म्हणजे १ + २ + ४ + ८ करत थेट २^६३ पर्यंतची बेरीज, आणि ती येते २^६४ − १. ही एक ओळ हातात असेल तर ह्या वीस अंकी संख्येचे सगळे मूळ अवयव हाताने काढता येतात, खरंच, आणि अवयव मूळ आहेत हे सिद्धही करता येतं. तीच ओळ माहीत नसेल तर नुसते अंक बघून माणूस कितीतरी दिवस भागाकार करत बसेल. म्हणून मी प्रत्येक मोठ्या संख्येबाबत पहिला प्रश्न हाच विचारते, ही आली कुठून?

पायरी १: संख्या स्वतः काढा

दुसऱ्याने दिलेले अंक कॉपी करू नका, एक अंक इकडचा तिकडे झाला तरी पुढचं सगळं वाया जातं. २ ला ६४ वेळा गुणायची गरज नाही, वर्ग करत जायचं: २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, आणि ह्या शेवटच्याचा वर्ग म्हणजे २^६४. सहा वर्गात काम झालं. पहिले पाच सोपे आहेत, सहावा जरा मोठा, तर त्याचे दोन तुकडे करा, ४२९४९ आणि ६७२९६, आणि शाळेतलं (अ + ब) चा वर्ग वालं सूत्र लावा. ४२९४९ चा वर्ग १८४४६१६६०१, त्याच्यापुढे १० शून्यं. दोघांच्या गुणाकाराची दुप्पट ५७८०५९१८०८, त्याच्यापुढे ५ शून्यं. ६७२९६ चा वर्ग ४५२८७५१६१६. तिन्हींची बेरीज १८४४६७४४०७३७०९५५१६१६. ह्यातून १ वजा.

आता पडताळा. अंकांची बेरीज करत एक अंक उरेपर्यंत जायचं. ४२९४९६७२९६ च्या अंकांची बेरीज ५८, मग १३, मग ४. चारचा वर्ग १६, म्हणजे ७. आणि २^६४ च्या अंकांची बेरीज ८८, मग १६, मग ७. जुळलं. ही ९ ची कसोटी सगळ्या चुका पकडत नाही, दोन अंकांची अदलाबदल झाली तर तिला कळतच नाही, तरी अर्ध्या मिनिटाचं काम आहे म्हणून करायचीच.

इथेच एक मोठा खड्डा सांगून ठेवते. स्प्रेडशीटवर विसंबू नका. एक्सेल साधारण १५ अंकच जपतं, त्यापुढे शून्यं दाखवतं. त्याचं कारण असं की बहुतेक साधी सॉफ्टवेअर संख्या अपूर्णांकी पद्धतीने साठवतात आणि त्या पद्धतीत २^५३ म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे प्रत्येक पूर्ण संख्या वेगळी राहतच नाही. तिथे २^६४ आणि २^६४ − १ ह्या दोन्ही एकच होऊन बसतात! आणि आपल्याला नेमका तो १ च हवाय, एक सम आहे आणि एक विषम, सगळं गणितच बदलतं. पायथन वापरत असाल तर पूर्ण संख्या कितीही मोठी असो ती अंक न अंक जपली जाते, फक्त भागाकाराला दोन तिरप्या रेघा वापरा, एक रेघ दिली की परत अपूर्णांकात गेलात. गंमत म्हणजे ६४ बिटांत मावणारी सगळ्यात मोठी पूर्ण संख्या हीच, तिच्यात १ मिळवला की चौसष्ट बिटांचा मोजणी काटा परत शून्यावर येतो.

वाचायची असेल तर स्वल्पविराम देऊन १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. जुन्या संख्यानामांत परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं, तर ही १८४ परार्धांच्या पुढे जाते.

पायरी २: अंक किती ते न लिहिता सांगा

२ चा लॉग (पाया १०) ०.३०१०३. त्याला ६४ ने गुणलं की १९.२६५९, पूर्णांक भाग १९, त्यात १ मिळवा, २० अंक. उरलेल्या .२६५९ वरून सुरुवातीचे अंक पण मिळतात, १० चा ०.२६५९ वा घात साधारण १.८४५ येतो, म्हणजे संख्या १८४... ने सुरू होणार. १ वजा केल्याने अंकांची संख्या बदलत नाही कारण २ चा कुठलाही घात शून्याने संपत नाही.

पण लॉगचे किती अंक घेताय ते बघा. २०२४ मध्ये सापडलेली मूळ संख्या २^१३६२७९८४१ − १, तिचे अंक ४,१०,२४,३२०. आता ०.३०१०३ ने गुणून बघा, उत्तर ४१०२४३२०.५ च्या आसपास येतं आणि तुम्ही म्हणाल एक अंक जास्त आहे. ०.३०१०२९९९५७ घेतलं की ४१०२४३१९.९५ येतं, त्यात १ मिळवला की बरोबर. घातांक मोठा असेल तर लॉगमधली पाचव्या-सहाव्या जागेपुढची बारीकशी चूकही पूर्ण १ होऊन समोर येते.

पायरी ३: शेवटचे अंक

२ च्या घातांचा शेवटचा अंक २, ४, ८, ६ असा फिरतो. ६४ ला ४ ने भाग जातो म्हणून ६, वजा १ केल्यावर ५. म्हणजे ५ ने भाग जातो हे फुकट कळलं. शेवटी १५ आहे, तर पूर्ण वर्ग असणं शक्य नाही, कारण ५ ने संपणारा पूर्ण वर्ग नेहमी २५ ने संपतो. शिवाय ४ ने भागून बाकी ३ उरते, आणि वर्गांना ४ ने भागलं तर बाकी ० किंवा १ च येते, म्हणून ही दोन वर्गांची बेरीज म्हणूनही लिहिता येणार नाही. शेवटच्या दोन अंकांवरून एवढं मिळतं.

पायरी ४: ३, ९, ७, ११, १३

अंकांची बेरीज ८७. ३ ने भाग जातो, ९ ने नाही, म्हणजे मूळ अवयवांत ३ आहे आणि एकदाच आहे.

७, ११, १३ ह्या तिघांसाठी एकच युक्ती पुरते कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीनचे गट पाडा: १८, ४४६, ७४४, ०७३, ७०९, ५५१, ६१५. आता उजवीकडून एक अधिक एक वजा असं करत जा: ६१५ − ५५१ + ७०९ − ७३ + ७४४ − ४४६ + १८ = १०१६. त्यातून १००१ काढले, उरले १५. १५ ला ७ ने भागून बाकी १, ११ ने ४, १३ ने २. तिघांपैकी कोणाचाच भाग जात नाही, आणि वीस अंकी संख्येच्या तीन बाक्या दोन ओळींत मिळाल्या. ७ ची बाकी दुसऱ्या रस्त्यानेही तपासता येते. २ चे घात ७ ने भागले की बाक्या २, ४, १ अशा तिनाच्या चक्रात फिरतात, ६४ ला ३ ने भागून १ उरतो, म्हणून २^६४ ची बाकी २ आणि आपल्या संख्येची १. जुळतंय. दोन वेगळ्या रस्त्यांनी एकच उत्तर आलं की मगच मी पुढे जाते, आणि तुम्हीही ही सवय लावून घ्या असं मनापासून सांगेन.

पायरी ५: आता संख्येची घडण वापरा

इथून खरी मजा. बायनरीत ही संख्या म्हणजे नुसते ६४ एक, ओळीने. दशमानात १११११११... घेतली तर कसं, ११११ म्हणजे ११ × १०१, कारण "११" हा तुकडा दोनदा शेजारी शेजारी ठेवलाय. तसंच ६४ एकांचे ३२-३२ चे दोन सारखे तुकडे होतात, त्या ३२ चे परत १६-१६ चे, मग ८, मग ४, मग २. ६४ हा स्वतः २ चा घात असल्याने तुकडे करता करता शेवटपर्यंत जाता येतं. सूत्रात लिहायचं तर अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) हेच परत परत:

२^६४ − १ = (२^३२ + १)(२^१६ + १)(२^८ + १)(२^४ + १)(२^२ + १)(२ + १)

म्हणजे ४२९४९६७२९७ × ६५५३७ × २५७ × १७ × ५ × ३. वीस अंकी संख्या सहा तुकड्यांत आली, एकही भागाकार न करता. हे तुकडे म्हणजे फर्माच्या संख्या, २ चा घात अधिक १, आणि तो घातांकही १, २, ४, ८ असा दुपटीतला. १६४० च्या सुमारास पिएर द फर्माचं मत असं होतं की अशा सगळ्या संख्या मूळ असतात.

पायरी ६: तुकडे खरंच मूळ आहेत का

३, ५, १७ बद्दल बोलायला नको. २५७ साठी वर्गमूळ १६ च्या जरा पुढे, तर २, ३, ५, ७, ११, १३ ने बघा, कोणाचाच भाग जात नाही. झालं.

६५५३७ चं वर्गमूळ २५६ च्या किंचित पुढे. २५६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं म्हटलं तर ५४ भागाकार. पण थांबा. समजा एखाद्या मूळ संख्येने २^१६ + १ ला भाग जातो. मग त्या संख्येच्या हिशोबात २^१६ ची बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो), आणि २^३२ ची बाकी १, म्हणजे २ च्या घातांचं चक्र बरोबर ३२ लांबीचं. असं चक्र नेहमी "मूळ संख्या वजा १" ला पूर्ण भागतं. म्हणून तो भाजक ३२ च्या पाढ्यातल्या संख्येत १ मिळवून आलेला असला पाहिजे. पुढे एदुआर्द ल्युका ह्या फ्रेंच गणितज्ञाने ही अट दुप्पट कडक केली, म्हणजे इथे ६४ चा पाढा अधिक १. आता २५६ पर्यंत असे उमेदवार कोण? ६५, १२९, १९३. पहिले दोन मूळच नाहीत (५ × १३ आणि ३ × ४३). उरला फक्त १९३. १९३ × ३३९ = ६५४२७, बाकी ११०. एका भागाकारात ६५५३७ मूळ सिद्ध! हे पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा मी तो भागाकार तीनदा तपासला होता, इतकं सोपं असेल असं वाटत नव्हतं.

आता मोठा तुकडा, ४२९४९६७२९७. ह्याच्या मूळ अवयवांना १२८ चा पाढा अधिक १ ही अट. उमेदवार १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१... १२९, ३८५, ५१३ मूळ नाहीत. २५७ ने बघायचं तर भागायचीही गरज नाही, त्याच्या हिशोबात २^८ ची बाकी −१, म्हणून २^३२ ची बाकी १, आणि २^३२ + १ ची बाकी २. गेला. पुढचा उमेदवार ६४१, आणि भाग जातो! ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. लिओनहार्ड ऑयलरने १७३२ मध्ये हे दाखवलं आणि फर्माचा अंदाज तिथेच कोसळला. ऑयलरकडे १२८ ची नाही, ६४ च्या पाढ्याची अट होती, तरीही त्याला मोजकेच उमेदवार तपासावे लागणार होते.

६४१ चा भाग का जातो ह्याचं एक अतिशय देखणं कारण आहे आणि ते पाठ करून ठेवण्यासारखं आहे. ६४१ = ५ × २^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४ सुद्धा (६२५ + १६). पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१, चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ लिहा. मिळतं −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो. भागाकार केलाच नाही!

राहिला ६७००४१७. वर्गमूळ २५८८ च्या थोडं पुढे. ह्याचा कुठलाही मूळ अवयव हा मोठ्या तुकड्याचाही अवयव असणार, म्हणून १२८ ची अट इथेही लागू. २५८८ पर्यंत १२८ चा पाढा अधिक १ असे वीस आकडे होतात, त्यांतले बरेच मूळ नाहीत (८९७ ला ३ ने, १५३७ ला २९ ने, १७९३ ला ११ ने, १९२१ ला १७ ने, २१७७ ला ७ ने भाग जातो वगैरे), आणि मूळ उरतात फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. भागून बघा, बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणजे ६७००४१७ मूळ. हेच नेहमीच्या पद्धतीने केलं असतं तर पावणेचारशेच्या आसपास भागाकार लागले असते.

एक सावधगिरी. ऑनलाइन काही ठिकाणी मूळपणाची झटपट चाचणी म्हणून "२ चा (संख्या − १) वा घात घ्या, त्या संख्येने भागा, बाकी १ आली तर मूळ" असं दिलेलं असतं. ही चाचणी ४२९४९६७२९७ ला लावली तर ती पास होते! कारण २^६४ ची बाकी आधीच १ आहे आणि ६४ ने २^३२ ला भाग जातोच. तेव्हा बाकी १ आली नाही तर संख्या मूळ नाही हे पक्कं, पण १ आली तर काहीच सिद्ध होत नाही, निदान ३ किंवा ५ चा घात घेऊन परत करा.

आणि थोडं विषयांतर, पण राहवत नाही. ४२९४९६७२९७ ही ६५५३६² + १² तर आहेच, ती ६२२६४² + २०४४९² पण आहे. एखादी विषम संख्या दोन वेगळ्या प्रकारे दोन वर्गांची बेरीज झाली की ती मूळ नसते, आणि ह्या दोन मांडण्यांतूनच अवयव निघतात. सम सम मधला फरक ६५५३६ − ६२२६४ = ३२७२, विषम विषम मधला फरक २०४४८, दोघांचा मसावि ८. मग बेरजा, १२७८०० आणि २०४५०, त्यांचा मसावि ५०. दोन्ही मसाविंचे निम्मे ४ आणि २५, आणि ४² + २५² = ६४१. वर परत तोच ६४१, पूर्ण वेगळ्या दारातून आलेला.

पायरी ७: अवयव हातात आल्यावर काय काय मिळतं

२^६४ − १ = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

सात मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. प्रत्येक घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून एकूण विभाजक २^७ = १२८. सगळ्या विभाजकांची बेरीज हवी तर प्रत्येक अवयवात १ मिळवून गुणाकार: ४ × ६ × १८ × २५८ × ६४२ × ६५५३८ × ६७००४१८ = ३१४२१९८०९८९१८९८८८७६८. ह्यातून संख्या स्वतः वजा केली की १२९७५२३६९१५४८०३३७१५३, आणि हे २^६४ − १ पेक्षा कमी आहे, म्हणजे परिपूर्ण संख्या नाही (तिथे दोन्ही सारखे येतात), न्यून संख्या आहे. एवढा मोठा गुणाकार केल्यावर ९ आणि ११ च्या कसोट्या लावा. १८ असल्याने ९ ने भाग जायला हवा (अंकांची बेरीज ११७, जातो), आणि ६५५३८ = ११ × ५९५८ असल्याने ११ ने पण जायला हवा, एकाआड एक अंकांच्या बेरजा ५३ आणि ६४, फरक ११, जातो.

ह्या अवयवांचा भूमितीशीही संबंध आहे. गाउसने १७९६ मध्ये दाखवलं की १७ बाजूंचा सुसम बहुभुज फक्त पट्टी-कंपासने काढता येतो, आणि विषम बाजूंसाठी नियम असा की बाजूंची संख्या वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार हवी. माहीत असलेल्या फर्मा मूळ संख्या पाचच: ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचांचा गुणाकार ४२९४९६७२९५, म्हणजे २^३२ − १, आणि आज माहीत असलेली अशी सगळ्यात मोठी विषम बाजूसंख्या हीच. २^६४ − १ बाजू मात्र चालत नाहीत, ६४१ आडवा येतो.

पायरी ८: शेजारी बघा

एका आकड्याने किती फरक पडतो ते बघायचं असेल तर २^६४ + १ घ्या. तिथे वर्गांच्या फरकाचं सूत्र लागत नाही, तुकडे आपोआप पडत नाहीत. फॉर्च्युने लाँद्रीने १८८० मध्ये तिचे अवयव काढले, २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. इथे अट २५६ चा पाढा अधिक १, आणि २७४१७७ = २५६ × १०७१ + १, म्हणजे उमेदवारांच्या रांगेत हा एक हजार एकाहत्तरावा. अट नसती तर काय झालं असतं विचार करा.

२^६७ − १ ची गोष्ट अजून वेगळी. ६७ मूळ असल्याने ६७ एकांचे सारखे तुकडेच होत नाहीत. १८७६ मध्ये ल्युकाने ती मूळ नाही हे दाखवलं, पण एकही अवयव न देता! अवयव १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल ह्या अमेरिकन गणितज्ञाने दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. मूळ नाही हे कळणं आणि अवयव सापडणं ही दोन वेगळी कामं आहेत, पहिलं खूप सोपं आणि दुसरं कधी कधी भयंकर अवघड, आणि तुम्हाला नेमकं कुठलं उत्तर हवंय हे सुरुवातीलाच ठरवून घ्या.

स्वतः करून बघायला २^३६ − १ म्हणजे ६८७१९४७६७३५ घ्या. वर्गांच्या फरकाने (२^१८ + १)(२^९ + १)(२^९ − १) पर्यंत याल. २^१८ + १ वर अडाल, तिथे (२^९ + १)² मधून (२^५)² वजा करून बघा, ५४५ × ४८१ मिळेल. शेवटी ३ तीनदा येईल, म्हणून विभाजक मोजताना त्याच्यासाठी २ ऐवजी ४ धरा. उत्तर ३ × ३ × ३ × ५ × ७ × १३ × १९ × ३७ × ७३ × १०९, आणि विभाजक ५१२.